चालू धंदा विकत घेताना: देणी आपोआप येतात, हक्क लिहून घ्यावे लागतात

"चालू स्थितीतील बेकरी गिऱ्हाइकासह विकणे आहे" अशी जाहिरात वाचून चौकशीला गेलेल्या माणसाला भट्टी, काउंटर, सकाळची गर्दी आणि पाटीवरचे नाव ही सगळी एकच वस्तू वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतील प्रत्येक गोष्ट वेगळ्या रीतीने हस्तांतरित होते आणि काही तर हस्तांतरित होतच नाहीत. उलट विक्रेत्याची काही देणी करारात त्यांचा उल्लेख नसला तरी खरेदीदाराच्या मागे येतात. पुढील विवेचन भाड्याच्या जागेतील, भागीदारीत चालणाऱ्या आणि आठ-दहा कामगार असलेल्या धंद्यापुरते आहे. कंपनीचे शेअर विकत घेतले, तर कंपनी आपल्या सर्व भूतकाळासह जशीच्या तशी राहते, त्यामुळे तिथली तपासणी अधिक खोल लागते.

सुरुवात जागेपासून करावी, कारण बहुतेक व्यवहार इथेच अडतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नाही आणि बेकायदा हस्तांतरण हे जागा खाली करून मागण्याचे एक कारण ठरते. "मालक आपलाच माणूस आहे, काही म्हणणार नाही" या आश्वासनाला काडीचीही किंमत देऊ नये. मालकाची लेखी संमती आणि शक्यतो खरेदीदाराच्या नावे नवा, नोंदणीकृत भाडेकरार, या दोन गोष्टींवर व्यवहार अवलंबून असल्याचे इसारपावतीतच नमूद करावे आणि त्या न मिळाल्यास इसार परत मिळेल असेही लिहून घ्यावे. जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडावर असेल, तर महामंडळाची पूर्वपरवानगी आणि हस्तांतरण शुल्क यांचा हिशेब किंमत ठरवण्यापूर्वी करावा.

त्यानंतर देणी पाहावीत. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित झाला की हस्तांतरणापर्यंतचा थकीत कर, व्याज आणि दंड यांसाठी विकणारा व घेणारा दोघेही संयुक्तपणे आणि पृथकपणे जबाबदार असतात, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल होऊ शकते. हस्तांतरणानंतर ठरवली गेलेली पण आधीच्या काळातील रक्कमही यात येते. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांच्या थकबाकीलाही अशीच संयुक्त जबाबदारी आहे, मात्र तिथे खरेदीदाराची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्यापुरती मर्यादित असते. "आधीच्या कोणत्याही देण्याशी खरेदीदाराचा संबंध नाही" हे करारातील वाक्य सरकारला बांधत नाही. ते फक्त विक्रेत्याकडून पैसे वसूल करायला उपयोगी पडते, आणि तोवर विक्रेता पैसे घेऊन गावी गेलेला असतो. म्हणून भरपाईच्या हमीबरोबरच किमतीचा एक भाग ठरावीक मुदतीपर्यंत रोखून ठेवण्याची अट घालणे, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. यंत्रे बँकेकडे नजरगहाण असतील, म्हणजे ताबा विक्रेत्याकडेच ठेवून कर्जासाठी तारण दिलेली असतील, तर कर्ज फेडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नये. बँकेबरोबर पतसंस्थेकडेही चौकशी करावी.

कराच्या बाबतीत एक गुंतागुंत आहे. संपूर्ण धंदा चालू स्थितीत हस्तांतरित केल्यास त्या व्यवहारावर वस्तू व सेवा कर लागत नाही. केवळ भट्टी, फ्रीज आणि माल विकला, तर तो साधा पुरवठा ठरून कर लागतो. विक्रेत्याच्या खात्यात शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ या नमुन्याद्वारे खरेदीदाराकडे येऊ शकते, पण त्यासाठी देण्यांच्या हस्तांतरणाची स्पष्ट तरतूद करारात असणे आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. म्हणजे देणी नाकारायची आणि क्रेडिट मात्र घ्यायचे, असे दोन्ही जमत नाही. कोणती देणी घ्यायची हे आकड्यांसह परिशिष्टात मांडून मगच किंमत ठरवावी.

उधारीची येणीही विकत घेत असाल, तर त्यांचे हस्तांतरण विक्रेत्याच्या सहीने लेखी हवे आणि प्रत्येक देणेकऱ्याला त्याची सूचना पाठवायला हवी. सूचना मिळण्यापूर्वी त्याने जुन्या मालकाला पैसे दिले, तर तो मोकळा होतो. शिवाय भागीदारी संस्था नोंदणीकृत नसेल, तर तिच्या करारांवरून उभी राहिलेली येणी दावा करून वसूल करताना अडचण येते. अशा उधारीला दर्शनी किंमत देऊ नये.

कामगारांच्या बाबतीत, सेवा अखंड धरली जाणे, सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी नसणे आणि पुढे कामगारकपात झाल्यास आधीचा सेवाकाळ मोजूनच भरपाई मिळणे, या तिन्ही गोष्टी मान्य असतील तर हस्तांतरणामुळे भरपाई द्यावी लागत नाही. एरवी किमान एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई देय होते. जुन्या कारागिरांची ग्रॅच्युइटी साचलेली असते. ती कोण देणार, हे लिहून घ्यावे.

आता नाव आणि गिऱ्हाईक. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ धंदा करण्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवते, पण नावलौकिकाची (गुडविलची) विक्री हा त्याला अपवाद आहे. विशिष्ट हद्दीत आणि खरेदीदार तोच धंदा तिथे चालवत आहे तोपर्यंत विक्रेत्याने तसा धंदा न करण्याची अट वैध असते, मात्र हद्द वाजवी असावी लागते. पुण्याच्या एका पेठेतील बेकरीसाठी "संपूर्ण महाराष्ट्रात" असे लिहिणे म्हणजे न्यायालयात अट गमावण्याची तयारी करणे होय. अट मुळीच नसेल, तर भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ५५ प्रमाणे संस्था विसर्जित झाल्यावर जुना भागीदार समोरच्या गाळ्यात दुसरी बेकरी काढू शकतो. त्याला फक्त संस्थेचे नाव वापरता येत नाही आणि जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून घेता येत नाही. म्हणून विक्रीपत्रात नावलौकिक ही वेगळी बाब म्हणून दाखवावी, सर्व भागीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि "स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावे" हे शब्द गाळू नयेत. बोधचिन्ह नोंदणीकृत असेल, तर ते लेखी हस्तांतरित करून ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयात खरेदीदाराचे नाव लावून घ्यावे.

संस्था विसर्जित होत असल्यास तिची जाहीर नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात द्यावी लागते, तसेच संस्था नोंदणीकृत असेल, तर भागीदारी संस्था निबंधकालाही कळवावे लागते. व्यवहारापूर्वी खरेदीदाराच्या वकिलाने हरकती मागवणारी वेगळी नोटीस दिल्यास लपलेले सावकार बहुधा तेव्हाच पुढे येतात.

परवाने मात्र विकत मिळत नाहीत. अन्नसुरक्षेचा परवाना खरेदीदाराने स्वतःच्या नावे नव्याने काढावा लागतो आणि दुकानाची गुमास्ता नोंदणी किंवा, कामगार थोडे असल्यास, नुसती सूचनाही आपल्या नावे करावी लागते, म्हणून ताब्याची तारीख परवाना हाती आल्यानंतरची ठरवावी. जुन्या परवान्याचा क्रमांक आणि जुन्या संस्थेचे नाव छापलेली खारी-टोस्टची पाकिटे नव्या मालकाला वापरता येणार नाहीत, तेव्हा ती मालाच्या मोजदादीत धरू नयेत.