गवतं ओळखायला शिकताना झालेली फजिती

एमेस्सीला गवतं घेतली तेव्हा आई म्हणाली, त्यात काय शिकायचंय, म्हशीला विचार. पहिले दोन महिने मलाही तसंच वाटत होतं. सप्टेंबरात कासला जग लोटतं ते फुलं बघायला, आणि आपण आपलं जांभ्यावर पालथं पडून वीतभर गवताकडे बघत बसायचं, आणि दिसायला सगळी सारखीच!

आधी एक सोपं सांगते. दांडी बोटात फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर ते बहुतेक लव्हाळ्याच्या घरातलं, गवत नाहीच.

माझी खरी फजिती डिमेरिया आणि इस्कीमम या गवतांच्या दोन प्रजातींनी केली. दोघांनाही टोकाला बरेचदा दोन-दोन तुरे, म्हणून मी सगळ्यांना इस्कीमम ठरवून वाळवलेल्या नमुन्यांच्या अकरा शीट्सवर लेबलं चिकटवून मोकळी. सरांनी सुईने एक स्पाइकलेट (तुऱ्यातली बारीकशी कणशी) उचललं आणि विचारलं, हिची जोडीदार कुठाय? इस्कीमममध्ये प्रत्येक पेरावर दोन स्पाइकलेट असतात, एक दांडीला चिकटून बसलेलं आणि एक देठावर. डिमेरियात एकच. शिवाय पिकलेला इस्कीममचा तुरा पेरापेराशी तुटून हातात येतो, डिमेरियाचा तसा तुटत नाही. अकराच्या अकरा लेबलं गरम पाण्याने सोडवत बसले.

आता इस्कीममच्या आतल्या जाती. त्यातलं रुगोसम पटकन कळतं, बिनदेठाच्या स्पाइकलेटच्या खालच्या ग्लूमवर (म्हणजे बाहेरच्या सालपटावर) आडव्या वळ्या असतात, नखाने चाचपल्या तरी लागतात. बाकीच्यांसाठी मात्र १० एक्सची लेन्स, पेरावरचे केस, ग्लूमची कड असं सगळं बघावं लागतं, आणि तरी डोकं चाललं नाही तर पुण्याला बोटॅनिकल सर्वेच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात जाऊन जुन्या शीटशेजारी आपलं ठेवून बघायचं. पुस्तकातल्या वर्णनापेक्षा मला तरी त्याने जास्त कळलं.

दुसरा धडा मुळांचा. थीमेडा नावाच्या गवताचे मी नुसते शेंडे कात्रीने कापून आणले. त्याच्या दोन जातींपैकी ट्रायअँड्रा बहुवर्षायू, क्वाड्रिव्हाल्विस एक वर्षाचं, आणि हा फरक बुंध्यात दिसतो, जो मी डोंगरावरच सोडून आले होते! पूर्ण दिवस आणि एसटीचं भाडं पाण्यात. तेव्हापासून पिशवीत कात्री नाही, खुरपं. (आणि जपलेल्या जागी उपटायचं तर वनखात्याची परवानगी आधी, फोटो काढून आल्यावर नाही.)

कुसळी तर तुम्हाला शोधायला लागतच नाही, ती स्वतःच मोज्यात घुसून घरी येते. एक पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाका, पीळ उलगडत कसं गरागरा फिरतं बघा, याच पिळाने तिचं बी मातीत घुसतं. तिचाच भाऊ ट्रिटिशिअस पुरुषभर उंच, तिथे गोंधळ व्हायला जागाच नाही.

मोजे मात्र आईने अजून धुतलेले नाहीत, म्हणते तुझं सँपल आहे, तूच वेच.