फाइलसिस्टीम बिघडली वाटते? या चुका टाळा

लग्नसराईत वळवाची सर आली की खानापुरात वीज जाणार, हे आम्ही धरूनच चालतो. त्या दुपारी गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. लिनक्सचं मशीन चालू करून स्क्रायबसमध्ये (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) लग्नपत्रिका उघडली, वर मराठी, खाली कन्नड. सेव्ह करायला गेलो तर ‘रीड-ओन्ली फाइलसिस्टीम’, म्हणजे डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, लिहिता येत नाहीत. समोर नवरीचे मामा: “संध्याकाळी छापून पायजे की हो!”

घाईत पहिली चूक झाली. परवानगीचा घोळ समजून सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) लावत बसलो. रीमाउंट करून, म्हणजे पार्टिशन (डिस्कचा भाग) पुन्हा लिहिता येईल असं जोडून बघितलं, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, दाद दिली नाही, ते बरंच झालं. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टीमच्या नोंदींत गडबड दिसली की उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर मूळ पार्टिशन मुद्दामच रीड-ओन्ली होतं, नुकसान वाढू नये म्हणून. अशा वेळी आधी डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) वाचायचं. (वीज गेल्यावर ‘रिकव्हरिंग जर्नल’ दिसलं तर घाबरू नका, ते अर्धवट राहिलेले बदल निस्तरणं असतं, बिघाड नव्हे.)

दुसरी चूक महागात पडली. रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत दिसलं, म्हणून चालू पार्टिशनवरच एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवलं. ‘फाइलसिस्टीम माउंटेड (जोडलेली, वापरात) आहे, खरंच पुढे जायचं?’ असं त्याने विचारलं, मी वाय दाबलं. कर्नल स्वतःच्या मेमरीतला हिशोब धरून लिहितो, एफएससीके खालून डिस्क बदलतं; दोघांचा मेळ राहत नाही. पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने बूट करा, एलएसबीएलकेने (डिस्क आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी आज्ञा) पार्टिशन ओळखा, ते माउंट नाही ना बघा. आधी ‘-एन’ लावून नुसतं तपासा, दुरुस्ती नंतर. ईएक्सटी४ऐवजी बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीम असेल तर तिच्या ‘चेक --रिपेअर’ला हात लावूच नका, तो शेवटचा उपाय.

पण त्याच्याही आधी डिस्क ठीक आहे का ते बघायला हवं होतं. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा) च्या यादीत शेवटच्या रकान्यातले आकडे वाचा. ५ आणि १९७ या ओळींत (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे आकडे) शून्य नसेल, तर मरत्या डिस्कवर दुरुस्ती करू नका. डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि एफएससीके त्या प्रतीवर चालवा. माझ्याकडे या दोन्ही ओळी शून्य होत्या, फुगली होती १९९ नंबरची. ती सीआरसी एररची, म्हणजे डेटा ये-जा करताना होणाऱ्या चुकांची; दोष बहुतेकदा केबलचा. कॅबिनेट उघडलं. लाल साटा केबलची क्लिप तुटलेली, बोट लावताच निघून हातात आली. उगाच विजेला शिव्या घातल्या! नवी केबल टाकल्यावरही तो आकडा शून्यावर येत नाही; वाढायचा थांबला का, तेवढंच बघायचं.

लाइव्हवरून नीट दुरुस्ती झाल्यावर पत्रिकेची फाइल जागेवर नव्हती. लॉस्ट+फाउंड, म्हणजे एफएससीके बेवारस फाइली टाकतं तो फोल्डर, उघडला तर नुसत्या ‘#’ आणि आकड्यांच्या नावाच्या फाइली. हा फोल्डर कचरा समजून पुसू नका. स्क्रायबसची फाइल आतून साधा मजकूरच असते, म्हणून नवरीच्या नावाने ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) मारला. तीन फाइलींत नाव निघालं, त्यातली एक पूर्ण पत्रिका होती.