बंद पडलेली जोडीदाराची आय-१३० फाईल पुन्हा हलवताना

अमेरिकेतल्या नवऱ्याने किंवा बायकोने आय-१३० (जोडीदाराला ग्रीन कार्डवर नेण्यासाठीचा पहिला अर्ज) भरली, ती मंजूरही झाली, आणि मग कुठेतरी अडली. घर बदललं, नोकरी गेली, सासूबाईंचं आजारपण निघालं, दोघांनीही ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हटलं. आता फाईल पुन्हा हलवायची आहे. इथे माणसं दोन टोकांना जातात. काहीजण घाईघाईने नवी आय-१३० भरून टाकतात, तर काहीजण कधीच रद्द झालेल्या फाईलसाठी महिनोन् महिने ईमेल पाठवत बसतात. दोन्ही करण्याआधी फाईल नेमकी कुठे आणि कोणत्या तारखेला थांबली, ते शोधा. पुढचं सगळं त्या तारखेवर ठरतं.

आधी ठावठिकाणा लावा

यूएससीआयएस म्हणजे हे अर्ज तपासणारं अमेरिकी इमिग्रेशन खातं. त्यांच्या पावतीवर, म्हणजे आय-७९७ नोटिशीवर, तीन अक्षरं आणि दहा आकडे असा क्रमांक असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की अर्ज मंजूर, नामंजूर की एनव्हीसीकडे रवाना, ते कळतं. एनव्हीसी म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटर, मंजुरीनंतर मुलाखतीआधीची फी आणि कागद घेणारं केंद्र. तिथे गेल्यावर फाईलला दुसरा क्रमांक मिळतो. मुलाखत मुंबईला असेल तर तो ‘बीएमबी’ने सुरू होतो. हा क्रमांक अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या सीॲक या व्हिसा पोर्टलवर टाकून स्थिती बघा. ‘एक्स्पायरिंग सून’ दिसत असेल तर अजून वेळ आहे, पण त्याच दिवशी हालचाल करा. ‘एक्स्पायर्ड’ दिसत असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

पावती हरवली असेल किंवा जुन्या अर्जात काय लिहिलं होतं ते आठवत नसेल, तर यूएससीआयएसकडे माहिती अधिकाराखाली, म्हणजे फोया अर्जाने, जुन्या फाईलची प्रत मागवा. हा अर्ज ऑनलाइन करता येतो. ही प्रत हातात येईपर्यंत नवा अर्ज भरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या अर्जात लग्नाची तारीख, आधीची लग्नं किंवा पत्ते वेगळे लिहिले असतील, तर तो फरक मुलाखतीत निघतोच.

फाईल यूएससीआयएसकडेच अडली असेल तर तीन शक्यता असतात. जादा कागद मागणाऱ्या नोटिशीला (हिला सगळे आरएफई म्हणतात) मुदतीत उत्तर गेलं नाही, तर अर्ज ‘सोडून दिला’ असं धरून नामंजूर होतो. याविरुद्ध अपील नसतं. निकालापासून ३० दिवसांत, निकाल टपालाने आला असेल तर ३३ दिवसांत, आय-२९०बी भरून प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते. ती मुदतही उलटली असेल, तर नवी आय-१३० भरा. दुसरी शक्यता: अर्ज तुम्ही स्वतःच मागे घेतला. तो परत जिवंत होत नाही, कारण अर्ज मागे घेण्याचा निर्णय नंतर फिरवता येत नाही. तिसरी शक्यता अनेकांच्या लक्षातच येत नाही. अर्ज भरताना जोडीदार अमेरिकेत होता, म्हणून ‘इथेच ग्रीन कार्ड घेऊ’ असं लिहिलं आणि नंतर तो भारतात परतला. अशी फाईल मंजूर असते, फक्त एनव्हीसीकडे गेलेली नसते. तिच्यासाठी आय-८२४, म्हणजे मंजूर फाईल पुढे पाठवण्याचा अर्ज, भरायचा. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी ५९० डॉलर आहे. इथे नवी आय-१३० भरणं म्हणजे मंजुरीची रांग पुन्हा पहिल्यापासून लावणं.

एक वर्ष आणि दोन वर्षं

फाईल एनव्हीसीकडे गेल्यावर अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम २०३(जी) लागू होतं. व्हिसा उपलब्ध असल्याची सूचना मिळाल्यापासून वर्षभरात अर्ज पुढे नेला नाही, तर नोंदणी रद्द होते. सूचनेपासून दोन वर्षांच्या आत, विलंब हाताबाहेरच्या कारणाने झाला हे पटवून दिलं, तर ती पूर्ववत करता येते. दोन वर्षं उलटली की दार बंद. नोंदणी रद्द झाली की मूळ आय-१३० ची मंजुरीही आपोआप रद्द होते आणि भरलेली फी परत मिळत नाही.

उदाहरण घ्या. सूचना १२ मार्च २०२४ ला आली. १२ मार्च २०२५ पर्यंत साधी चौकशी करून, फी भरून किंवा डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) पाठवून फाईल चालू ठेवता आली असती. त्यानंतर कारण आणि पुरावा देऊन ती परत मागण्याची मुदत १२ मार्च २०२६ पर्यंत. म्हणून पहिलं काम म्हणजे ती सूचना शोधणं. ती बहुधा ईमेलने येते आणि बऱ्याचदा जुन्या वकिलाच्या, नाहीतर कॉलेजच्या बंद पडलेल्या पत्त्यावर पडलेली असते. यूएससीआयएसकडे पत्ता बदलला म्हणून एनव्हीसीकडे बदलला, असं धरून चालू नका. तिथे वेगळं कळवावं लागतं.

मुलाखत होऊन २२१(जी)चा कागद, म्हणजे कागद अपुरे म्हणून दिलेला तूर्तचा नकार, हातात पडला असेल, तर वर्ष त्या दिवसापासून मोजा. वर्षाच्या आत मागितलेले कागद दिले तर नवी फी पडत नाही. वर्ष उलटलं की नोंदणी रद्द होते. ती परत मागण्याची मुदत नकाराच्या तारखेपासून दोन वर्षं, आणि ही मागणी एनव्हीसीकडे नाही, तर दूतावासाकडे करायची.

फाईल परत मागण्याचं पत्र

हाताबाहेरची कारणं म्हणून नियमात तीन उदाहरणं दिली आहेत: प्रवास करता येणार नाही असं आजारपण किंवा अपंगत्व, राहत्या देशाने बाहेर जायला परवानगी नाकारणं, आणि परदेशी सैन्यातली सेवा. यादी एवढ्यावर संपत नाही, पण बाकीची कारणं याच वजनाची लागतात. ‘ऑफिसात काम फार होतं’, ‘एजंटने सांगितलंच नाही’, ‘पैशांची सोय झाली नाही’ ही कारणं टिकत नाहीत.

आजारपणाचं कारणसुद्धा बरेचजण अर्धवट लिहितात. डीएस-२६० घरबसल्या ऑनलाइन भरायचा असतो. मग अधिकाऱ्याच्या मनात साहजिक प्रश्न येतो: आईचं ऑपरेशन होतं हे खरं, पण फॉर्म का नाही भरला? पत्रात याच प्रश्नाचं उत्तर हवं. जोडीदार स्वतः किती काळ रुग्णालयात होता, डॉक्टरांनी प्रवास कधीपर्यंत मना केला होता, बरं वाटल्यावर किती दिवसांत हालचाल केली, हे तारखांसह लिहा. मागे डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र लावा. त्यावर ‘उपचार चालू होते’ एवढंच लिहून आणलं तर उपयोग नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रवासास असमर्थ’ असं लिहून घ्या.

पत्र इंग्रजीत, एका पानाचं ठेवा. वर केस क्रमांक, इनव्हॉइस आयडी, दोघांची नावं आणि जन्मतारखा. मग सूचनेची तारीख, कारण, कारण संपल्याची तारीख, आणि शेवटी ‘नोंदणी पूर्ववत करावी’ ही स्पष्ट विनंती. एनव्हीसीला हे त्यांच्या चौकशी अर्जातून पाठवता येतं. आलेलं उत्तर आणि पाठवल्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मुदतीत विचारणा केली होती, याचा पुरावा तोच.

नवी आय-१३० कधी परवडते

अर्ज करणारा जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तर त्याच्या नवरा-बायकोला कोट्याची रांग नाही. फाईल गेली तर वेळ आणि पैसे गेले, नंबर गेला नाही. त्यामुळे कारण लंगडं असेल तर पत्रापत्रीत वेळ न घालवता नवा अर्ज भरलेला बरा. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दराने ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. मंजुरीनंतर एनव्हीसीकडे व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीचे १२० वेगळे. भरण्याच्या दिवशी दर पुन्हा तपासून घ्या.

अर्ज करणारा ग्रीन कार्डधारक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एफ२ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराच्या आणि मुलांच्या, वर्गाची रांग असते आणि जुन्या अर्जाची तारीख, म्हणजे प्रायॉरिटी डेट, मोलाची. २०३(जी)खाली रद्द झालेल्या अर्जाची तारीख नव्या अर्जाला मिळत नाही. अशा वेळी दोन वर्षांच्या आत असाल, तर फाईल परत मागायचा प्रयत्न जीव तोडून करा, आणि चांगला इमिग्रेशन वकील करण्याचा खर्चही इथे योग्य ठरतो.

मधल्या काळात ग्रीन कार्डधारक नागरिक झाला असेल, तर नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत एनव्हीसीला पाठवून वर्ग बदलून घ्या. इथे एक खोच आहे. एफ२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या अर्जातच धरली जातात. नागरिकाच्या जोडीदाराच्या अर्जात मुलं येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळी आय-१३० लागते. सावत्र मूल असेल तर त्याला १८ वर्षं पूर्ण होण्याआधी लग्न झालेलं असायला हवं. हे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात कळलं, तर बायको पुढे आणि मुलगा मागे, अशी वेळ येते.

नव्या अर्जात ‘या व्यक्तीसाठी आधी अर्ज केला होता का’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर. जुनी पावती जोडा. आय-१३०ए हा जोडीदाराच्या माहितीचा जोडफॉर्म असतो, तो विसरू नका. अधिकाऱ्याला खरी शंका असते ती मधल्या रिकाम्या काळाची: फाईल पडून होती तेव्हा संसार चालू होता का? म्हणून लग्नाचे पन्नास फोटो देण्यापेक्षा त्या मधल्या वर्षांचे पुरावे द्या. भारतात पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास, विम्यात किंवा बँकेत नॉमिनी म्हणून लावलेलं नाव, दर काही महिन्यांचे कॉलचे स्क्रीनशॉट. लग्नाचा अल्बम सगळेच लावतात.

उशिराचा एक फायदाही आहे. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली असतील, तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळत नाही, थेट दहा वर्षांचं मिळतं, आणि नंतरचा आय-७५१, म्हणजे शर्त काढण्याचा अर्ज, टळतो.

शिळे झालेले कागद

जुनी फाईल परत उघडली तरी कागद ताजे लागतात. पासपोर्ट बदलला असेल तर डीएस-२६० एनव्हीसीकडून पुन्हा उघडून घेऊन त्यात नवा क्रमांक टाका. पासपोर्ट सेवा केंद्रातलं पोलिस क्लिअरन्स दोन वर्षांपेक्षा जुनं नको. त्याची फी ५०० रुपये. वैद्यकीय तपासणी मात्र आधी करून ठेवू नका. ती साधारण सहा महिनेच चालते आणि दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते.

हमीपत्र आय-८६४ नव्या वर्षाच्या कर विवरणासह पुन्हा भरा. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या कोष्टकात दोघांच्या कुटुंबाला ते २६,४३७ डॉलर होतं. आधी कोणाला, समजा आईवडिलांना, हमी दिली असेल तर तीही माणसं कुटुंबात मोजली जातात. पहिल्या खेपेला पुरेसं असलेलं उत्पन्न दुसऱ्या खेपेला इथेच कमी पडतं.

विवाह प्रमाणपत्र महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं नोंदणीकृत हवं, मंगल कार्यालयाच्या पावतीवर किंवा भटजींच्या दाखल्यावर भागत नाही. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर आधी ते लावून घ्या. नोंदच नसेल, तर अनुपलब्धता प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं द्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं डीएस-२६० मध्ये लिहा, मधल्या नावासकट. फक्त मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीच्या निवेदनासह लावा.

जोडीदार सध्या व्हिसाची मुदत उलटून अमेरिकेतच राहत असेल, तर मुंबईच्या मुलाखतीसाठी विमानात बसू नका. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा मुक्काम झाला असेल तर बाहेर पडताच तीन वर्षांची, वर्षभर किंवा जास्त झाला असेल तर दहा वर्षांची बंदी लागू शकते. आधी वकिलाला विचारा, तिकीट नंतर काढा.

आणि फाईल पुन्हा चालू झाली की दर दहा महिन्यांनी एनव्हीसीला एक चौकशी पाठवायची आठवण दोघांच्याही फोनमध्ये लावून ठेवा. एकाच्याच फोनमध्ये असलेली आठवण त्या फोनबरोबर जाते.