आधी साखरेचा हिशेब: इथेनॉल क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायन अभियांत्रिकी शिकून इथेनॉल उद्योगात येऊ पाहणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा यीस्टच्या वाणाबद्दल असतो. कोणते वाण वापरले म्हणजे उतारा वाढेल, जनुकीय बदल केलेले यीस्ट आणता येईल का, असे ते विचारतात. आधी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत किण्वन विभागात, म्हणजे यीस्टने साखर आंबवण्याच्या विभागात, आणि पुढे बायोमासवरील (चिपाड, पेंढा अशा वनस्पतिजन्य अवशेषांवरील) संशोधनात काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, वाणाचा विचार नंतरचा आहे. फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या टाकीत, गेलेल्या प्रत्येक किलो साखरेचे पुढे काय झाले, हे ज्याला सांगता येते, तोच उतारा वाढवू शकतो.

या हिशेबाचा पाया सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे १०० किलो ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ५१.१ किलो, सुमारे ६४.८ लिटर इथेनॉल मिळू शकते. मात्र यीस्टला स्वतःची वाढ करायची असते, आणि सुमारे ५ टक्के साखर पेशी, ग्लिसरॉल व सक्सिनिक आम्लात जाते, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. त्यामुळे कोणी ९८ टक्के किण्वन कार्यक्षमता सांगू लागले, तर आधी त्यांची साखरेची मोजणी तपासावी.

मळीच्या बाबतीत ही मोजणीच सर्वांत अवघड असते. फेहलिंग पद्धतीने एकूण रिड्यूसिंग शुगर, म्हणजे टीआरएस, काढली की त्यात यीस्टला न पचणारे पदार्थही धरले जातात. ते वेगळे मोजून वजा केले नाहीत, तर दोष मळीचा असताना ठपका यीस्टवर येतो. मळी टाकीत तापली किंवा फार काळ साठून राहिली, की किण्वनक्षम साखर कमी होते आणि बाष्पनशील आम्ले वाढतात. म्हणून नव्या केमिस्टने आवक झालेल्या मळीचे नमुने स्वतः तपासावेत, असा माझा आग्रह असतो.

यानंतर तापमान आणि जिवाणू यांच्याकडे वळावे. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट ३० ते ३३ अंश सेल्सिअसला उत्तम काम करते, पण किण्वन स्वतः उष्णता निर्माण करते, आणि उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचे पाणीच पुरेसे थंड मिळत नाही. उष्णता आणि अल्कोहोल हे दोन्ही ताण एकमेकांना बळ देतात. किण्वनाच्या सुरुवातीला यीस्ट जे तापमान सहज सोसते, तेच अखेरीस, अल्कोहोल वाढल्यावर, त्याला मारक ठरते. अशा दुबळ्या यीस्टच्या शेजारी लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू फोफावतात आणि ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. त्यांचा मुक्काम बहुधा प्लेट हीट एक्स्चेंजरच्या खाचांत आणि पाइपलाइनच्या बंद टोकांत असतो. वॉशची, म्हणजे फर्मेंटरमधल्या आंबणाऱ्या द्रावणाची, आम्लता दर काही तासांनी मोजून आलेख काढत राहिले, तर साखर कुठे चालली आहे ते अल्कोहोल घटण्याच्या आधीच कळते. मिथिलीन ब्लू हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी मोजण्याचे कामही कंटाळवाणे वाटले तरी दुसऱ्यावर सोपवू नये.

वाणाबद्दल बोलायचे, तर ब्राझीलचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील बहुतेक डिस्टिलऱ्यांत किण्वन संपल्यावर यीस्ट सेंट्रिफ्यूजने वेगळे काढतात, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ ते २.५ पर्यंत आणून जिवाणू मारतात आणि तेच यीस्ट हंगामभर पुन्हा वापरतात, त्यामुळे नव्या पेशी वाढवण्यात साखर फारशी खर्च होत नाही. १९९० च्या दशकात असे दिसले की, हंगामाच्या सुरुवातीला टाकलेले बेकरी यीस्ट लवकरच मागे पडते आणि कारखान्यातलीच रानटी यीस्ट त्याची जागा घेतात. त्यांतूनच पीई-२ आणि कॅट-१ ही वाणे निवडली गेली. आपल्याकडील मळीत गाळ जास्त असल्याने यीस्ट वेगळे काढणे कठीण जाते, तरी स्वतःच्या फर्मेंटरमध्ये टिकून राहिलेल्या यीस्टकडे आपण फार कमी पाहतो, असे मला वाटते.

बायोमासमध्ये हिशेब अधिक बारकाईने ठेवावा लागतो. उसाच्या बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात, साधारण ४० टक्के सेल्युलोज, पाव भाग हेमिसेल्युलोज आणि पाचवा भाग लिग्निन असते. सेल्युलोज फुटताना पाणी जोडले जाते, म्हणून १०० ग्रॅम सेल्युलोजपासून १११ ग्रॅम ग्लुकोज मिळते; हा गुणक विसरल्यास उतारा उगाच फुगलेला दिसतो. विरल आम्ल आणि वाफेची पूर्वप्रक्रिया सौम्य ठेवली तर सेल्युलोज फोडणारे एन्झाइम तंतूंपर्यंत पोहोचत नाही, आणि कडक केली तर झायलोज या हेमिसेल्युलोजमधल्या साखरेपासून फरफ्युरल तयार होऊन साखरही जाते व यीस्टही अडखळते. हेमिसेल्युलोजमधून सुटणारे ॲसेटिक आम्ल तर टाळताच येत नाही. पीएच कमी असताना ते अविघटित रूपात पेशीत शिरते, पीएच ५.५ च्या आसपास नेला की यीस्टला दिलासा मिळतो, पण जिवाणूंनाही वाव मिळतो. शिवाय साधे यीस्ट झायलोज खातच नाही, आणि जनुकीय बदल केलेले यीस्ट खरोखर हवे असते ते इथे. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झाला. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने अशा प्रकल्पांच्या पूर्वप्रक्रियेचा अभ्यास यीस्टच्या आधी करावा.

शिक्षणासाठी पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था या दोन्ही ठिकाणी अल्कोहोल तंत्रज्ञान शिकता येते, आणि प्रयोगासाठी अधिकृत वाणे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून मिळू शकतात. पहिली नोकरी शक्यतो शिफ्टची, प्रत्यक्ष प्लांटवरची घ्यावी.

केवळ मळीवर मात्र विसंबू नये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले, तेव्हा एकाच कच्च्या मालावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्यांची अडचण सर्वांनी पाहिली, आणि आता मका व तुकडा तांदूळ वापरणारे प्रकल्प वाढत आहेत. धान्यात हिशेबाची जागा बदलते. वॉशमध्ये शिल्लक साखर जवळजवळ नसते, तरीही उतारा कमी भरतो, कारण दळण जाड असल्याने किंवा स्टार्च फोडणाऱ्या अल्फा-अमायलेज एन्झाइमला पुरेसा वेळ न मिळाल्याने काही स्टार्च फुटलेलेच नसते. ते डीडीजीएसबरोबर, म्हणजे ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या धान्याच्या सुक्या चोथ्याबरोबर, पशुखाद्यात निघून जाते. म्हणून धान्याच्या डिस्टिलरीत रुजू झालात, तर पहिल्याच आठवड्यात डीडीजीएसमधील शिल्लक स्टार्च तपासायला घ्या.