लिंबाची कोवळी छाटकलमं: पावसाळ्याआधीची जमवाजमव

आधी झाड ठरवा, कात्री नंतर. कागदी लिंबू, ईडलिंबू, महाळुंग यांच्या कोवळ्या काडीला मुळं बऱ्यापैकी फुटतात. संत्रं-मोसंबी मात्र जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबांच्या खुंटावर (मुळं असलेल्या रोपावर) डोळा भरूनच, म्हणजे त्यांच्या काडीवरचा अंकुर बसवूनच घ्यावी, गॅलरीत त्यांच्या काड्यांमागे लागू नये. शेजाऱ्यांचं झाड लिंबांनी लगडलेलं असलं तरी पानं उलटून बघा. खैऱ्या (कँकर) रोगाचे खरखरीत डाग किंवा वेडावाकडा पिवळेपणा दिसला तर गोड बोलून निघा, कारण झाडातला रोग काडीबरोबर घरी येतो.

पुण्यात जुलै-ऑगस्ट सोयीचे. एप्रिलच्या कोरड्या हवेत काडी मुळं धरण्याआधीच माना टाकते. पण बाकीचं सामान आधीच मांडून ठेवा, कारण कापलेली काडी थांबत नाही. तळाला भोकं असलेल्या छोट्या कुंड्या, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं परलाइट, म्हणजे पांढरे हलके खडे (नाहीतर धुतलेली जाड वाळू), पारदर्शक पिशव्या, रबरबँड, स्पिरिटने पुसलेलं धारदार ब्लेड. शेणखत अजिबात नको. कोवळं देठ त्यात कुजतं. सोलापूर रस्त्याच्या नर्सऱ्यांकडे चक्कर होणारच असेल तर मुळं फुटण्याची पावडर घ्या, पुडीवर इंडोल ब्युटिरिक ॲसिड लिहिलंय ना बघून.

काडी निवडणं हा खरा कसबाचा भाग. लिंबाचा अगदी नवा फुटवा कोनेदार असतो, पुढे गोल होत जातो. कोन बुजायला लागलेत पण रंग अजून हिरवा आहे, ती काडी घ्या. लुसलुशीत शेंडा सडतो, करडी जून काडी आळस करते. कळ्या असतील तर खुडा. सकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. काटे आहेत, पिशवीत कोंबू नका.

लांबी दहा-बारा सेंटिमीटर, खालचा काप पेराच्या लगेच खाली. वरची दोन-तीन पानं ठेवून तीही अर्धी कापा. पावडर लावून पेन्सिलने आधी पाडलेल्या भोकात काडी बसवा, म्हणजे पावडर पुसली जात नाही. मग पिशवी चढवा आणि कुंडी उजेडात ठेवा, पण उन्हात नाही. उन्हात पिशवीच्या आत काडी शिजते. मुळांना महिना-दोन महिने लागतात. उपटून बघू नका, हळूच ओढल्यावर अडली तर समजा धरली. पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी जास्त उघडत जा.