कुंदा एक, वाट्या दोन

पाव किलो कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी दुधाच्या मिठाईचा, डबा उघडला की घरातली दोन भावंडं वकील होऊन उभी राहतात. तुम्ही न्यायाधीश होऊ नका. एकाने दोन वाट्यांत कुंदा वाढायचा, दुसऱ्याने आधी वाटी उचलायची. वाढणारा चमच्याच्या टोकाने कण न् कण सारखा करत बसतो, कारण उरलेली वाटी त्याचीच. वाट्या मात्र एकाच मापाच्या घ्या. सहा-सात वर्षांखालच्या मुलांना अरुंद, उंच भांड्यातलं जास्तच वाटतं. कितीही समजावा, 'मला कमी' संपत नाही. करदंटाला, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुकामेव्याच्या वडीला, सुरी लागते, तिथे कापायचं काम मोठ्याचं आणि आधी उचलायचा मान धाकट्याचा.

सायकल, रिमोट, मोबाईल यांना पाळी लावावी लागते. 15 मिनिटांचा गजर लावा. पाळी गजराने संपली की राग आईवर निघत नाही. दिवस वाटताना सम-विषम तारखा नकोत. 31 नंतर 1 येते, दोन्ही विषम, म्हणजे एकाला सलग दोन दिवस. त्यापेक्षा सोम-बुध-शुक्र एकाचे, मंगळ-गुरु-शनि दुसऱ्याचे, रविवार आज्जीचा. निपाणीच्या बसमध्ये खिडकीची अदलाबदल हत्तरगीच्या टोलनाक्यावर ठरवा. नाका दोघांनाही दिसतो. अंथरुणावर खडूने रेघ मात्र ओढू नका. रेघेने भांडण मिटत नाही, हे आपल्या सीमाभागाला 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून ठाऊक आहे.

हाणामारी झाली तर तडजोड नंतर. आधी दोघांना पाच-दहा मिनिटं वेगळं करा, मग शेजारी-शेजारी बसवा. 'सुरुवात कुणी केली?' विचारलंत की संध्याकाळ त्यातच गेली. 'आता तुला काय हवंय?' एवढंच विचारा. एकाने एका वाक्यात सांगायचं, दुसऱ्याने तेच आपल्या तोंडाने परत सांगायचं. गाडी इथेच घसरते. 'तिला ना, उगाच माझीच पेन्सिल पाहिजे' हा टोमणा झाला. पुन्हा सांगायला लावा. मग प्रत्येकाने दोन-दोन उपाय सुचवायचे. ठरेल ते उद्या संध्याकाळपर्यंतच लागू ठेवा. कायमचं नाही म्हटल्यावर हट्ट सैल पडतो.

'तू मोठा आहेस, देऊन टाक' हे वाक्य टाळा. त्याने मोठा गप्प धुमसतो आणि धाकटी रडायचा उपयोग शिकते.

आज्जीकडे अपील होणारच. तिला नियम आधी सांगून ठेवा, नाहीतर पदराआडून एक जादा चमचा मिळतो आणि दोन्ही वाट्या पुन्हा तुमच्यापुढे येतात.