खाणीवर काम करायचंय? आधी गाव नकाशा काढा

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला 'कोळसा संपल्यावर त्या जमिनीचं काय होतं' हा विषय घेतला, तेव्हा सांगलीत ज्यानं त्यानं विचारलं, "आपल्याकडं कोळसा कुठाय?" नाहीच. इकडं सगळा काळा पाषाण. राज्यातला कोळसा विदर्भात. म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा आणि पुढं एसटीनं वणी.

परदेशातली कामं बघून डोकं फिरलेलंच होतं. जर्मनीत एसेनमध्ये खाणीच्या ढिगाऱ्यावर शिल्पकार रिचर्ड सेरानं १९९८ साली उभी केलेली भलीमोठी पोलादी पाटी. इंग्लंडमध्ये चार्ल्स जेंक्सची 'नॉर्थम्बरलँडिया', म्हणजे खाणीतली माती-दगड रचून घडवलेली, सुमारे ४०० मीटर लांबीची पहुडलेली बाई. २०१२ मध्ये ती लोकांना खुली झाली, तेव्हा शेजारची खाण चालूच होती! बाई देखणी आहे, पण खाणवाल्यांच्याही सोयीची, असं मला वाटतं.

पहिल्या खेपेला मी ओबीचे ढिगारे काढले (कोळशावरचा उपसून टाकलेला दगड-मुरूम, तिकडं सगळे 'ओबी'च म्हणतात). तेही चारकोलनं. कोळशाचं चित्र कोळशानं, केवढं भारी वाटलं होतं! खाणीत शेत गेलेल्या एका आजींना ते दाखवलं. त्यांनी कागद उलटासुलटा केला. "माही इहीर कुठी हाय ह्याच्यात?"

तिथं माझा प्रकल्प बदलला.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर रंग नंतर आणा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर टाकून आजचे खड्डे-ढिगारे उतरवा. चालू खाणीत परवानगीशिवाय घुसू नका, बाहेरूनही पुष्कळ दिसतं. खाण बंद करण्याचा आराखडाही वाचा. केंद्राची त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. वरची सुपीक माती वेगळी साठवून शेवटी परत पसरायची असते. ती कुठं साठवलीय, हे विचारत फिरा. माझी चार चित्रं या एका प्रश्नातून निघाली.

हात बसवायला मिरजेकडच्या सोडून दिलेल्या दगडखाणी पुरतात. पाणी साचलेली एकच खाण दर महिन्याला काढा.

दुसऱ्या खेपेला ट्रेसिंग घेऊन गेलो. ढिगाऱ्याच्या पोटात पेन्सिलनं विहिरीचा गोल काढला होता. आजी बराच वेळ बघत राहिल्या, मग बोट ठेवून म्हणाल्या, "थोडी उगवतीकडे घे."